जुने जपण्याची कल्पना : धाराशिव, तेर आणि नळदुर्ग

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत. या लेण्यांशी जोडली जाणारी एक कथा मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येते. करकंड राजा दक्षिणेच्या स्वारीत तेरापूरजवळ मुक्काम करतो. तिथला राजा त्याला डोंगरातले जुने लेणे दाखवतो. आतल्या जिनमूर्तीपाशी दगडाची एक गाठ उठून दिसते आणि ती राजाच्या डोळ्यांना खुपते. तिच्यामागे पाण्याचा झरा आहे, तो अडवण्यासाठीच ती ठेवली आहे, असे जाणकार कारागीर सांगतो. तरीही राजा गाठ फोडायला लावतो. पाणी उसळते, लेणे भरून जाते. पुढे पश्चात्ताप झालेला राजा तिथे नवी लेणी खोदवतो.

जुनी वास्तू जपावी ही कल्पना या भागात किती वळणे घेत आली, हे पाहायचे तर सुरुवात या कथेपासून करावी. जुन्या जागी आलेला पाहुणा, ती दाखवणारा स्थानिक, तिची नस ओळखणारा कारागीर आणि हौसेने तिला ‘नीट’ करायला निघालेला सत्ताधारी असे सगळे त्यात आहेत. राजाचे प्रायश्चित्तही त्या काळाला धरूनच आहे. बिघडलेले पूर्ववत करण्याऐवजी तो नवे घडवतो. त्या काळी जपणे म्हणजे जीर्णोद्धार. वास्तू वापरात राहिली, पूजा चालू राहिली की पुण्य पदरी पडे; मूळ रूप तसेच ठेवावे असा आग्रह नव्हता.

या जुन्या कल्पनेला कमी लेखण्याचे कारण नाही. याच भागातल्या तेर गावचे त्रिविक्रम मंदिर तिच्यामुळेच उभे आहे. मागची बाजू अर्धगोल असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझन्स यांनी मांडले. उपासक बदलले, देव बदलला, पण दिवा लागत राहिला आणि छप्पर शाबूत राहिले. विटांच्या इतक्या जुन्या इमारती महाराष्ट्रात मोजक्याच उरल्या आहेत. सोडून दिलेल्या वास्तूंच्या विटा कुणाच्या ना कुणाच्या भिंतीत गेल्या.

प्रवाशाच्या नजरेने तेरची नोंद झाली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. तिथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरूद अभिमानाने मिरवत राहिले. शहर मात्र विस्मरणात गेले. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी तगर कधी देवगिरीला शोधले, कधी जुन्नरला, कधी धारूरला. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. त्यानंतर लगेच कझन्स यांनी तेरच्या अवशेषांची पाहणी केली.

इथे कल्पना बदलली. जुने म्हणजे पुरावा, आणि पुराव्याला हात लावायचा नाही, हा नवा दंडक आला. जेम्स बर्जेस यांनी धाराशिव लेण्यांची मोजमापे, नकाशे आणि वर्णने १८७८ च्या अहवालात छापली होती. ही शिस्त आली नसती तर आज बोलायलाही काही उरले नसते. पण त्या अहवालांत खांब आहेत, शिलालेख आहेत. शेजारी राहणारा माणूस जवळपास नाही. करकंडाच्या कथेत वाट दाखवणारा आणि धोक्याची सूचना देणारा स्थानिक होता, तो कागदावरून नाहीसा झाला.

लोकरंजनाने हा जिल्हा वेगळ्याच वाटेने बाहेर नेला. नळदुर्गचा मुलूख १८५३ ते १८६० या काळात इंग्रजांकडे होता आणि सुरुवातीला त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर पाहत होता. त्याच्या १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची सुरुवात तुळजापुरात होते. इंग्रजी वाचकाला हा प्रदेश कळला तो असा. मराठी मुलखात हे काम गोंधळ्यांच्या संबळाने, आराध्यांच्या गाण्यांनी आणि शिवरायांना तलवार देणाऱ्या भवानीच्या छापील चित्रांनी केले. घराघरांत लागलेल्या त्या चित्राने तुळजापूरला जितके यात्रेकरू आणले असतील, तितके कुठल्याही सरकारी माहितीपत्रकाने आणले नसतील.

तेरचे संत गोरोबाकाका तर भाषेच्या सीमा ओलांडून गेले. त्यांच्या कथेवर तमिळमध्ये १९४८ साली ‘चक्रधारी’ निघाला, कन्नडमध्ये १९७४ साली राजकुमार यांचा ‘भक्त कुंभार’ आला, तेलुगूमध्ये १९७७ साली पुन्हा ‘चक्रधारी’. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे ‘गोरा कुंभार’ जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह गाजले. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास समाधीच्या दर्शनाला येणारा भाविक आणि तगरच्या शोधात येणारा अभ्यासक एकाच गल्लीतून जातात. बहुतेक वेळा एकाला दुसऱ्याच्या तेरची खबर नसते. हे तुटलेपण दूर करणे ही खरी गरज आहे.

ते काम एका रहिवाशाने करून दाखवले. तेरचे प्राचीन शहर आजच्या वस्तीच्या पायाखालीच आहे. गावाभोवतीच्या टेकाडांची पांढर लोक शेतात टाकायला, भिंती लिंपायला पिढ्यान्‌पिढ्या खणून नेत. पावसाने माती धुपली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, सातवाहनकालीन नाणी, भाजक्या मातीची चित्रे उघडी पडत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि सांभाळल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती वीतभरही उंच नाही. पायांकडचा भाग तुटलेला, पण केशरचना आणि दागिन्यांचे कोरीव काम अजून स्पष्ट आहे. इटलीत पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे नाते आहे. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहराशी तेरचा धागा जुळतो, तो एका गावकऱ्याने माती चाळली म्हणून. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही याच संग्रहालयात आहे. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी आणि पुढे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने तेरमध्ये उत्खनने केली. पण उत्खनन काही आठवड्यांचे असते. गावकरी तिथे बाराही महिने असतो.

अलीकडची कल्पना पर्यटनाची आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो बांधला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून आत गेले की डोक्यावरून पाणी कोसळत असते आणि सज्जात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी पडू लागले की गर्दी लोटते, मोबाइल वर होतात. राज्याच्या वैभव संगोपन योजनेतून २०१४ मध्ये हा किल्ला देखभालीसाठी खासगी संस्थेकडे गेला, स्वच्छता आणि सोयी सुधारल्या. धाराशिव शहरातून २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज रेल्वे गेल्यापासून येणेही सोपे झाले. ही गर्दी वाईट नाही. मात्र ती एकच दृश्य पाहते आणि निघून जाते; किल्ल्याच्या उरलेल्या तटाबुरुजांकडे फारसे कुणी वळत नाही.

तुळजापूरसाठीही मोठा विकास आराखडा मंजूर झाला आहे. गल्लीबोळ, जुने वाडे, पुजाऱ्यांची घरे, माळा-परड्या विकणाऱ्यांची दुकाने मिळून तुळजापूर हे तीर्थ बनते. रस्ता रुंद करताना ती काढून टाकली तर मंदिर राहील, गाव राहणार नाही. जीर्णोद्धाराने वास्तू वापरात ठेवली, विद्वानांनी ती ओळखली, गाण्या-सिनेमाने ती प्रिय केली, पर्यटनाने तिच्यासाठी पैसा आणला. यांतले एकही सोडण्याजोगे नाही. पण निर्णयाच्या बैठकीत तिथे राहणाऱ्याला जागा नसेल, तर करकंडाने फोडली तशी गाठ पुन्हा फुटेल.

तेरपुरते बोलायचे तर पहिले पाऊल छोटे आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू सरकारला कळवावी लागते, आणि पंचनाम्याच्या धास्तीने माणूस ती लपवतो किंवा विकतो. घराचा पाया खणताना हाती आलेला मणी किंवा खापर निर्धास्तपणे संग्रहालयात नेऊन देता यावे, देणाऱ्याचे नाव वस्तूखाली लिहिले जावे आणि काम थांबल्यास त्याची भरपाई मिळावी, अशी व्यवस्था शासनाने करावी. ती लवकर करावी, कारण पावसाळा दरवर्षी येतो आणि पांढर दरवर्षी धुपते.