ऋण, पत आणि पहिला विश्वास

चंदीगडमधील सेक्टर ३४ हा शिकवणी वर्गांचा परिसर असून, तेथील विद्यार्थी बँकेत जातो तेव्हा एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? २००० साली स्थापन झालेली सिबिल ही संस्था कर्जफेडीच्या नोंदींवरून ३०० ते ९०० यांदरम्यानचा पतगुणांक, म्हणजे परतफेडीच्या शक्यतेचा निर्देशक अंक, ठरवते; केवळ बचत खाते उघडल्याने असा इतिहास घडत नाही, मात्र मुदत ठेवीच्या तारणावर घेतलेल्या क्रेडिट कार्डाचे देणे वेळेवर फेडत राहिल्यास तो घडू लागतो.

वैदिक विचारानुसार मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊनच जन्मतो, आणि त्यांपैकी ऋषिऋण, म्हणजे ज्ञानपरंपरेचे देणे, अध्ययनाने फिटते. म्हणजेच येथे विश्वास आधी मिळतो आणि पात्रता नंतर सिद्ध होते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार, म्हणजे फेडीची समान जबाबदारी घेणारे, होतात, तेव्हा हाच क्रम व्यवहारात उतरतो. तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही परंपरागत कथा तर ऋण देणाऱ्यालाही धर्म असतो, याचे स्मरण देते.

गुणांक भूतकाळ मोजतो. परंतु पहिला विश्वास कोणत्याही नोंदीतून निघत नाही, तो कोणीतरी द्यावाच लागतो, आणि वेळेवर केलेली परतफेड ही त्या विश्वासाविषयीची कृतज्ञता ठरते.