दारातला श्वान

दत्तप्रभूंच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात. ते चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी सांगितलेल्या २४ गुरूंत पृथ्वी, वायू, कबुतर, अजगर, कोळी आहेत. कुत्रा मात्र नाही. मला या वयात एका कुत्र्यानंच शिकवलं, म्हणून हे चार शब्द.

मी अंबाजोगाईचा, म्हणजे दासोपंतांच्या गावचा. तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत गल्लीतली कुत्री आमच्या जिन्याखाली व्याली. पिल्लं रात्रभर कुंईकुंई करायची. मी रोज पहाटे बादलीभर गार पाणी ओतून हाकलायचो. एक पिल्लू दगावलं. दोन शेजारच्या पोरांना लागली, भाकरी खाऊन माणसाळली. चौथं, तांबडं, गटाराच्या पाइपात लपून वाढलं. माणूस दिसला की पळायचं.

मागच्या वर्षी चेंडू काढायला नातू त्या पाइपाशी वाकला आणि तांबड्यानं त्याची पोटरी फोडली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुतली, त्याच दिवशी लस सुरू केली. दत्तकृपेनं नातू बरा आहे. पण गल्ली पेटली. "काका, तुमचा नातू आहे, तुम्ही हो म्हणा, विष घालून मोकळं होऊ."

रात्री झोप येईना. बँकेत हिशेब जुळला नाही की मागच्या नोंदी उलटाव्या लागायच्या. तशीच मागची पानं उलटली. चाव्याची नोंद नातवाच्या पोटरीवर पडली होती. मूळ व्हाउचरवर सही माझी होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, की पिल्लाची जगाशी ओळख तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत होते. १९६१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही पिल्लं माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली. १४ आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पुढं रानटीच राहिली. तांबड्याला त्या दिवसांत माणूस भेटला होता, पण बादली घेऊन.

आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळला, २०२१ मध्ये वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, माळवदांवर नेत होती. बरीच पिल्लं मेली. डिसेंबरात वन खात्यानं दोन वानरं पकडली. तेव्हा आपण सगळेच हळहळलो. पण तेच पिल्लू मोठं होऊन दारात आलं, की आपला हात दगडाकडं जातो.

कुणी म्हणेल, मग चावणाऱ्याचा दोषच नाही का? माणसाला विवेक दिलाय, म्हणून त्याला दोष लागतो. कुत्र्याजवळ फक्त अनुभव असतो, आणि तो बराचसा आपण दिलेला असतो.

विष घालणं पाप, आणि कायद्यानं गुन्हाही. शिवाय चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. त्या निमित्तानं मी भाकरी टाकू लागलो. ताटली ठेवायची, मागं सरायचं, डोळ्याला डोळा न देता तिरकं बसायचं, वेळ चुकवायची नाही. दहा दिवस संपले, भाकरी चालूच राहिली. मध्ये लस टोचायला जाळी टाकून धरावं लागलं, तर महिनाभर तो फिरकलाच नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आठ महिन्यांनी तो माझ्यापासून चार हातांवर बसून खातो. अंगाला हात लावू देत नाही, आणि मी लावायला जातही नाही. नातवाला अजून लांबच ठेवतो. दया केली म्हणून सावधपणा सोडायचा नसतो.

पिल्लाला जे आठ दिवसांत जमलं असतं, त्याला थोरल्याला आठ महिने लागले, तेही अर्धंच. माझंही तसंच. साठी उलटल्यावर मी बादली खाली ठेवायला शिकलो.

यंदा जिन्याखाली पुन्हा तीन पिल्लं आहेत. मी पोतं अंथरलंय. आईपासून ओढायचं नाही, खाताना छेडायचं नाही, हे पोरांना सांगून रोज थोडा वेळ त्यांच्यात बसवतो. लशीची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

दत्तजयंतीला तसबिरीपुढं हात जोडताना पायाशी बसलेल्या त्या चौघांकडंही एकदा नीट बघा. मग दाराबाहेर या.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥