पहिल्या अठरा लाखांची वर्षे

घरकर्जाविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. व्याजदर किती, मुदत वीस वर्षांची की तीस वर्षांची, हप्ता पगाराच्या किती टक्के असावा, याची चर्चा आता घरोघरी जेवतानाही होते. त्याआधीच्या वर्षांविषयी मात्र कोणी बोलत नाही. दर महिन्याला भाडे जाते, जुन्या कर्जाचा हप्ता जातो आणि उरेल त्यातून घरासाठी काही बाजूला टाकायचे असते, ती पाच-सात वर्षे. महाराष्ट्रातल्या शहरांत एखाद्या कुटुंबाचे घर होणार की नाही, हे त्या वर्षांत ठरते असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ज मिळाल्यानंतरची वर्षे कष्टाची असतात, पण तोवर घर झालेले असते.

आधी हिशेब पाहू. वाघोलीला किंवा डोंबिवलीला ६० लाखांचा तयार फ्लॅट घ्यायचा आहे असे धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच रक्कम बँक देऊ शकते. म्हणजे इथे कर्ज ४८ लाख आणि पदरचे १२ लाख. एजंट ज्याला ओसीआर म्हणतात ती ही रक्कम. पण घर १० लाखांच्या वरचे असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. पुणे-ठाणे भागात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटची दलाली, सोसायटीची हस्तांतर फी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि भिंतींना रंग धरला की आकडा १८ लाखांच्या घरात जातो. बांधकाम सुरू असलेले घर घेतले तर ५ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी ३ लाख. १२ लाख जमवायचे म्हणून निघालेला माणूस इथेच पहिल्यांदा थबकतो.

महिन्याला २० हजार वाचवणारे कुटुंब घ्या. ७ टक्के व्याजाने त्यांचे १८ लाख व्हायला सहा वर्षे लागतात. घराच्या किमती वर्षाला ५ टक्क्यांनी वाढल्या तर सहा वर्षांनी तेच घर ८० लाखांचे होते आणि पदरची रक्कम २४ लाखांवर जाते. दरम्यान प्रत्येक नव्या करारात भाडे पाच-दहा टक्क्यांनी वाढलेले असते. या कुटुंबाला खर्चाची शिस्त नाही असे कोणी म्हणू नये. त्यांच्या शिस्तीपेक्षा किंमत पुढे पळते आहे, एवढेच.

म्हणूनच डाउन पेमेंट हा शहरात वारशाचा प्रश्न झाला आहे. एकाच कंपनीत, एकाच पगारावर काम करणारी दोन मुले पाहा. एकाच्या वडिलांचा कोथरूडला जुना फ्लॅट आहे, निवृत्तीचे पैसे बाजूला आहेत. दुसरा परभणीहून आला आहे, शैक्षणिक कर्ज फेडतो आहे आणि गावी आईच्या औषधांना पैसे पाठवतो आहे. हप्ता दोघांनाही सारखाच झेपेल. घर मात्र पहिल्याचे तिशीत होईल, दुसऱ्याचे चाळिशीतही होईलच असे नाही. वीस वर्षे हप्ता भरण्याची ऐपत बँक पगारपत्रकावरून तपासते. पहिली रक्कम मात्र मागच्या पिढीची ऐपत तपासते.

आणि याच टप्प्यावर सरकारी मदतीचा हात आखडलेला असतो. जुन्या करप्रणालीत घरकर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, मुद्दलाला ८० सी लागू होते. पंतप्रधान आवास योजनेतले व्याज अनुदान कर्ज झाल्यावरच मिळते. नोकरदाराला त्याच प्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट आहे, पण ती भाड्यासाठी. नव्या करप्रणालीत तीही नाही. घर घेण्यासाठी साठवत असलेल्या माणसाला त्या साठवणुकीबद्दल कोणी काही देत नाही. उलट त्याच्या मुदत ठेवीचे व्याज करपात्र असते.

हे असेच असायला हवे असे नाही. जर्मनीत गृहबचत संस्थांची जुनी परंपरा आहे: ठरलेली वर्षे ठरलेली रक्कम भरायची आणि मग आधीच ठरलेल्या दराने कर्ज घ्यायचे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून चाळिशीच्या आतल्या माणसाला एक खाते उघडता येते. त्यात पहिल्या घरासाठी वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरले तर सरकार वर २५ टक्के टाकते. आपल्याकडेही १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने १९८९ मध्ये 'होम लोन अकाउंट' योजना आणली होती. काही वर्षे नेमाने बचत करणाऱ्याला त्या बचतीच्या प्रमाणात कर्ज, हेच तिचे सूत्र होते. ती आज कोणाच्या बोलण्यातही नाही. तिला नव्याने उभे करण्याची मागणी पुढे यायला हवी. मुद्रांक शुल्काचेही तसेच. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून ते चार महिने तीन टक्क्यांनी कमी केले, तेव्हा डिसेंबरात नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. ती का उडाली? कारण ही रक्कम कर्जात बसत नाही, ती पूर्ण खिशातून जाते. महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सूट आजही आहे आणि ती चांगलीच आहे. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला हे शुल्क दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत भरू दिले तर तिजोरीचे काय बिघडेल?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. भाडे आणि हप्ते आज भरावे लागतात, म्हणून व्यवहाराचेही बोलले पाहिजे. आपली अनेक कुटुंबे एका भावनेपोटी मोठे नुकसान सोसतात: 'घरासाठीच्या पैशांना हात लावायचा नाही.' भावना सुंदर आहे, हिशेब घातक आहे. क्रेडिट कार्डावर लाखभर रुपये थकले असतील तर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज जाते. त्याच वेळी घरासाठी ठेवलेल्या एक लाखाच्या एफडीवर महिन्याला ५८० रुपये येतात. ही एफडी मोडून कार्ड फेडणे म्हणजे घराचे स्वप्न मोडणे नव्हे, घराच्या दिशेने टाकलेले ते पहिले पाऊल आहे.

पर्सनल लोनचे गणित याहून महत्त्वाचे आहे आणि ते फारसे कोणी समजावून सांगत नाही. बँक तुमच्या उत्पन्नातून चालू हप्ते वजा करून मगच घरकर्जाची पात्रता काढते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखामागे सुमारे ८७० रुपये हप्ता पडतो. म्हणजे तुमच्या डोक्यावर १० हजारांचा जुना हप्ता असेल तर साडेअकरा लाखांचे घरकर्ज त्याने आधीच खाल्लेले असते. लग्नासाठी, बहिणीच्या बाळंतपणासाठी, मोटरसायकलसाठी काढलेले छोटे कर्ज असे मोठे होऊन समोर येते. ते बंद केले की हातात रोकड उरत नाही, पण पात्रता लगेच वाढते. शैक्षणिक कर्जाची घाई तेवढी करू नये. त्याचा दर बराच कमी असतो आणि जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आठ वर्षे सूट असते. हप्ता मात्र एकही चुकू नये, कारण सिबिलच्या नोंदीत ते वर्षानुवर्षे दिसत राहते. आणि या सगळ्याआधी तीन-चार महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा. नाहीतर पहिल्याच आजारपणात पुन्हा कार्ड निघते.

साठवलेले पैसे ठेवायचे कुठे? इथे मी जुन्या पठडीचा आहे. तीन-चार वर्षांत लागणारी रक्कम शेअर बाजारात नको. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. ज्यांना एप्रिलमध्ये बिल्डरला पैसे द्यायचे होते त्यांना बाजार सावरण्याची वाट पाहता आली नाही. पण थोडे जास्त व्याज मिळते म्हणून सगळे एकाच सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवणे हेही तितकेच धोक्याचे. पुण्यात रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून बँक ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. भिशीने अनेक बायकांचे संसार सावरले आहेत आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरी अठरा लाखांचा भार तिच्यावर टाकू नये.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शॉर्टकटची. 'शंभर टक्के लोन करून देतो' असे एजंट सांगतो, तेव्हा बहुधा करारातली किंमत फुगवलेली असते किंवा डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढायला लावलेले असते. 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' अशा योजनांत प्रकल्प रखडला की हप्ता ग्राहकाच्या गळ्यात येतो; म्हणून तर २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांतून कर्ज देऊ नका असे बजावले. रेरा कायद्याने नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. आणि वडिलांचा पीएफ, आईचे दागिने? आईवडील ते स्वतःहून पुढे करतात, कारण मुलाचे लग्न ठरवताना पहिला प्रश्न 'स्वतःचे घर आहे का' हाच येतो. पण निवृत्त माणसाची ती उरलेल्या आयुष्याची शिदोरी आहे. ती घेऊन झालेले घर पुढची पंधरा वर्षे सगळ्यांनाच महाग पडते. त्यापेक्षा आणखी तीन वर्षे भाड्याने राहण्यात काहीही कमीपणा नाही.

कमीपणा नाही, पण भाड्याने राहणे अस्थिर आहे, आणि ती अस्थिरता आपणच तयार केली आहे. दर अकरा महिन्यांनी नवा करार, एजंटला एक महिन्याचे भाडे, टेम्पोचा खर्च, नव्या घरमालकाला नवे डिपॉझिट आणि जुन्याकडून कापून आलेले डिपॉझिट. दोनदा घर बदलले की वर्षभराच्या बचतीतला मोठा वाटा जातो. अकरा महिन्यांचा हा रिवाज कायद्यामुळे आहे असे लोक समजतात. खरे तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. अकरा महिन्यांचा केल्याने नोंदणी टळत नाही. मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याने आणि पागडीने घरमालकांच्या मनात बसवलेली भीती समजण्यासारखी आहे, पण नोंदणीकृत करार करणाऱ्याला ती बाळगण्याचे कारण नाही. तरीही घरे कुलूपबंद राहतात. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती.

मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा घर हा एकेकट्या कुटुंबाने सोडवायचा प्रश्न आहे असे कोणी मानले नव्हते. पुढे शिक्षकांनी, कारकुनांनी, एसटी आणि विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी जागा घेऊन, भागभांडवल काढून, जमेल तसे टप्प्याटप्प्याने पैसे भरून सोसायट्या बांधल्या. पहिली रक्कम तेव्हाही मोठीच होती, पण ती अनेकांनी मिळून उचलली. आज त्याच सोसायट्यांतले फ्लॅट पुढच्या पिढीच्या हाती आहेत आणि त्यांतले कितीतरी भाड्याने दिले जातात.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांची घरे झाली आहेत, काहींचे दुसरेही. त्यांना एकच विनंती. तुमच्या घरात एखादे तरुण कुटुंब भाड्याने राहत असेल तर या दिवाळीनंतरचा करार अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करा. भाडेवाढ किती ते त्यातच लिहा. डिपॉझिट दोन महिन्यांचेच घ्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात तेवढेच सुचवले आहे. आणि ते घर सोडतील तेव्हा डिपॉझिट त्याच दिवशी परत द्या. त्यांच्या अठरा लाखांत तेवढी भर नक्की पडेल.