वजन कुठल्या पायावर?

शासकीय रेखाकला परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या पेपराची एक गंमत आहे. बाजार, बसथांबा, पाणवठा असा एखादा विषय येतो आणि मुलांनी त्यात आठवून माणसं काढायची असतात. पण आठवायला आधी नीट पाहिलेलं असावं लागतं. समोर माणूस बसवून काढायला लावणारा पेपर एलिमेंटरीला नाही आणि इंटरमिजिएटलाही नाही. वस्तुचित्राला तांब्या-पेला, स्थिरचित्राला कापड आणि फळं. मग मुलं गाइडमधली हंडा घेतलेली बाई पाठ करतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटचा मुलगा असो की दादरचा, बाई तीच, हंडाही तोच. श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तक्रार कोणी करत नाही.

यात कोरीटच्या मुलाचं नुकसान अधिक. या पट्ट्यात कापसाची वेचणी लागली की बायका कमरेला फडक्याची झोळी बांधून सरीत शिरतात. झोळी रिकामी असते तेव्हा बाई नुसती कमरेतून वाकते. भरत गेली की झोळी तिला पुढे ओढू लागते. मग ती पाय फाकवते, पाठ मागे टाकते, उभी राहताना एक हात मांडीवर रेटते. नंदुरबारजवळ मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांचे खांदे स्थिर असतात, सगळी धावपळ बोटांत. मुंबईतल्या लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर मॉडेल ठेवून रेखाटण्याच्या वर्गात, पैसे मोजूनही अशी शरीरं मिळत नाहीत.

लाइफ क्लास म्हटलं की आपल्याकडे नग्नतेचीच चर्चा होते. जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1920च्या आसपास हा अभ्यास रुजवला, आणि रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटापर्यंत लोकांची नजर कपड्यांवरच अडकली. प्रश्न कपड्यांचा नाहीच. शरीराचं वजन कुठल्या पायावर आहे, ते कमरेतून खांद्यापर्यंत कसं चढलंय, हे कळलं की नऊवारीतली बाईही उभी राहते. ते कळलं नाही तर नग्न आकृतीसुद्धा दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसते.

ॲनिमेशनवाल्यांना यातून सुटका नसते. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी 12 चित्रं. चाल म्हणजे दर पावलाला जाणारा आणि सावरला जाणारा तोल, आणि तो पाठ करून काढता येत नाही. म्हणून डिस्नेच्या स्टुडिओत 1932पासून डॉन ग्रॅहम रेखाटनाचे वर्ग घेत. ‘बँबी’साठी तर हरणाची खरी पाडसं स्टुडिओत आणली होती. त्याच ‘बँबी’वर काम केलेले क्लेअर वीक्स 1956मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. शिकणाऱ्यांत राम मोहन होते, मद्रास विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे ‘मीना’ ही ॲनिमेशन मालिका आणि जपानी दिग्दर्शकांबरोबरचं ‘रामायण’ त्यांच्या हातून झालं, 2014मध्ये पद्मश्री मिळाली. 2019मध्ये ते गेले, तोवर भारतीय ॲनिमेशनची पिढीच त्यांचं नाव सांगू लागली होती.

या धंद्यात मुरलेला माणूस शिकवतो ते बहुधा न बोलता. लाइट बॉक्सवर तुमच्या चित्रावर तो कोरा कागद ठेवतो आणि खालून दिसणाऱ्या तुमच्या रेषेवरून स्वतःची रेष ओढतो. कंबर थोडी सरकते, टाच खाली येते. मग दोन्ही कागद बोटांत धरून फडफडवतो. तुमचं चित्र खोडलं जात नाही, ते त्याच्या चित्राशेजारी उघडं पडतं. मोबाइलवरच्या फोटोवरून ट्रेस करणाऱ्या मुलाला हे कोण दाखवणार? फोटोत बाह्यरेषा आयती मिळते, भार कुठून कुठे सरकला ते मिळत नाही.

आता अडचण. वेचणीवरची बाई मजुरीला आलेली असते, मॉडेल म्हणून नव्हे. तिला आधी विचारायला हवं. नको म्हणाली तर वही मिटायची. तिला थांबवायचंही कारण नाही, तिचं काम चालू असताना दोन-दोन मिनिटांची रेखाटनं होतात. आणि जो उलट तासभर स्थिर बसेल त्याला त्या वेळेचा रोज द्यावा, तेही अंगमेहनतीचंच काम आहे.

परीक्षेतही वर्गातलाच एखादा मुलगा स्टुलावर बसवून वीस मिनिटांचं रेखाटन घेता येईल. यावर उत्तर ठरलेलं: सगळ्या केंद्रांवर सारखं मॉडेल कुठून आणायचं? पण आजवर तांब्या तरी सगळीकडे सारखा कुठे ठेवला जातो?