विषादाकडून प्रसादाकडे
(हेमंत-शिशिरातील योगसाधना)

मार्गशीर्ष-पौषातील पहाट. गाभाऱ्यात काकड्याच्या ज्योतीने श्रींना जागविले जात असते आणि त्याच वेळी एखादा नेमनिष्ठ भक्त आपल्या घरी पांघरुणात जागाच पडून असतो. देह आजारी नाही, संसारात काही उणे नाही. तरी उठावेसे वाटत नाही. जपमाळ हाती घेतली तर मन लागत नाही, दर्शनाला उभे राहिले तर डोळे भरून येत नाहीत. थंडी सुरू झाली की दरवर्षी असेच होते. अखेर तो मनाशी म्हणतो, ‘आपली भक्तीच आटली.’ मूळच्या खिन्नतेला अपराधाची जोड मिळते आणि मनावरचे ओझे दुप्पट होते.

शास्त्र मात्र त्याला अपराधी ठरवीत नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. त्या विषादात अर्जुनाचे गात्र गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातातून गांडीव निसटू लागले. मनाचा विषाद देहातून बोलतो, हे तेथे स्पष्ट दिसते. आणि त्या विषादालाही व्यासांनी ‘योग’ म्हटले, कारण भगवंताचा उपदेश तेथूनच सुरू झाला.

योगशास्त्राचे निदान

महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात साधनेतील नऊ अंतराय सांगितले आहेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. स्त्यान म्हणजे चित्ताला आलेले जडत्व. या अंतरायांचे चार सोबतीही त्यांनी सांगितले : दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विस्कटलेली लय. मन, देह आणि श्वास या तिघांना पतंजलींनी एकाच ओळीत बसविले, ही गोष्ट मननीय आहे. खिन्न मनाला ‘आनंदी हो’ अशी आज्ञा करून ते ऐकत नाही. परंतु देह हलविता येतो आणि श्वास सावरता येतो. म्हणून उपाय तेथून आरंभावा.

आधुनिक वैद्यकानेही या ऋतुबद्ध विषादाची दखल घेतली आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. थंडीत दिवस लहान होतो, सकाळचा प्रकाश डोळ्यांपर्यंत उशिरा व अपुरा पोचतो आणि देहातील निद्रा-जागृतीचे घड्याळ बिघडते, असे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. डिसेंबरअखेरीस मुंबईचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर लंडनचा ८ तासांहूनही थोडा कमी असतो. त्यामुळे परदेशी स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा अनुभव अधिक तीव्रतेने येऊ शकतो. येथे ऊन मुबलक आहे; पण थंडीच्या भयाने दारे-खिडक्या लावून बसणाऱ्या वृद्धांना आणि दिवसभर बंद खोलीत काम करणाऱ्यांना त्या उन्हाचा लाभ होतोच असे नाही.

परंपरेतील प्रकाशोपासना

सूर्य धनु राशीत असताना महाराष्ट्रात धुंधुरमास पाळतात. सूर्योदयाच्या सुमारास बाजरीची भाकरी, लोणी व मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवून सर्वांनी एकत्र भोजन करावयाचे. पुढे मकरसंक्रांतीचा तिळगूळ, हळदीकुंकवाच्या निमित्ताने परस्परांकडे जाणे-येणे आणि माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमीचे सूर्यपूजन. पहाटे उठणे, सूर्यासमोर येणे, स्निग्ध व उष्ण अन्न घेणे आणि माणसांत मिसळणे, हे खिन्न मनाला हितकर असे चारही आचार या ऐन थंडीच्या सणांत एकवटले आहेत. आयुर्वेदही सांगतो, की हेमंतात जठराग्नी प्रदीप्त व शरीरबल उत्तम असते. म्हणजे मन खचलेले असले तरी व्यायामासाठी हा काळ अनुकूल आहे.

नित्य साधनेचा क्रम

प्रथम, रोज ठरलेल्या वेळी उठावे आणि सूर्योदयानंतर काही वेळ मोकळ्या जागी उजेडात काढावा. सूर्यबिंबाकडे टक लावून मात्र पाहू नये.

दुसरे, आसने. ताडासन व भुजंगासन यांनी छाती खुलते, वाकलेला कणा सरळ होतो. त्यानंतर यथाशक्ती सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर प्रसार केला, ते हे नमस्कार व्यायामही आहेत आणि उपासनाही. सूर्याच्या बारा नावांतील पहिले नाव ‘मित्र’ आहे, हे एकाकी मनाने विसरू नये. पहिल्या दिवशी एकच नमस्कार झाला तरी तो पुरेसा मानावा.

तिसरे, प्राणायाम. श्वास सहज घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मग पाच-सात वेळा भ्रामरी करावी. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी श्वास रोखू नये आणि जाणकारांच्या सल्ल्यानेच आसने करावीत.

चौथे, ध्यान. मन फार उदास असता डोळे मिटून दीर्घकाळ बसल्यास तेच ते विचार घेरतात. म्हणून आरंभी पाच-दहा मिनिटेच बसावे. समोर निरांजन ठेवावे किंवा नाम स्पष्ट उच्चारावे. पतंजलींनी चित्तस्थैर्याच्या उपायांत शोकरहित अशा ‘ज्योतिष्मती’ वृत्तीचा उल्लेख केला आहे. बाहेरच्या ज्योतीवर स्थिरावलेली दृष्टी हळूहळू हृदयातील त्या प्रकाशाकडे वळते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग निश्चयाने आणि न खचणाऱ्या चित्ताने आचरावा, असे भगवंत सांगतात. फळ आठ दिवसांत दिसले नाही म्हणून साधना सोडू नये.

वैद्य हेही ईश्वराचेच साधन

तथापि, खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व अन्न तुटले किंवा जीवन नकोसे वाटू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. चालू असलेले औषध योगाच्या भरवशावर बंद करू नये. औषध घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. आणि ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी ‘देवाचे कर, सगळे ठीक होईल’ एवढेच बोलून थांबू नये. सकाळी त्याच्यासोबत उन्हात चार पावले चालावे. तीही सेवाच होय.

श्रींच्या दर्शनानंतर भाविक प्रसाद घेऊन घरी परततो. ‘प्रसाद’ या शब्दाचा गीतेतील अर्थ आहे चित्ताची प्रसन्नता, जिच्या लाभाने सर्व दुःखांचा क्षय होतो. पांघरुणात जागा पडलेल्या त्या भक्ताची भक्ती आटलेली नाही; तिच्यावर केवळ धुके दाटले आहे. सूर्य उगवला की धुके विरते. तोवर एक दीर्घ श्वास, एक नमस्कार आणि एक नाम, एवढे त्याने धरून ठेवावे. सर्व भाविकांना हा प्रसाद अखंड लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥