शिबिरातला पहिला आठवडा

हैदराबादेतल्या आबिड्सच्या आसपास आता उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतील. आपण फी विचारतो, वेळ विचारतो. पोर तिथं रुळेल का, हे मात्र क्वचितच.

रुळण्याचा हा प्रश्न तसा जुनाच. आबिड्सहून चालत जाता येईल अशा जांबागेत विवेकवर्धिनी शाळा आहे. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीनं ती १९०७ साली उभी केली. निजामाच्या राज्यात उर्दूचा वरचष्मा होता आणि मराठी मुलांना आपली वाटेल अशी जागा हवी होती.

आजची अडचण वेगळी. शिबिरात तेलुगू, दख्खनी, इंग्रजी सगळंच कानावर पडतं. शाळेत रुळायला वर्ष मिळतं, इथं जेमतेम दोन-तीन आठवडे. मूल गप्प बसलं की आपण त्याला लाजाळू ठरवून मोकळे! खरं तर त्याला नुसतं परकं वाटत असेल.

अमेरिकेतल्या वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या नवख्यांना तासाभरात इतकंच पटवून दिलं, की सुरुवातीला परकं सगळ्यांनाच वाटतं आणि ते ओसरतं. त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. खर्च म्हणाल तर नगण्य.

तेव्हा शिबिर चालवणाऱ्या ताई-दादांनो, नव्या मुलाचं नाव पहिल्याच दिवशी नीट उच्चारा, रंग वाटायचं काम त्याच्याकडे द्या. आणि गेल्या वर्षी आलेल्या एखाद्या मुलाला या नव्या मुलाशेजारी डबा खायला बसवा.