मूठभर पोयटा

सावकाश बसा. मांडी घालता येत असेल तर मांडी घाला, नाहीतर खुर्चीतच बसा. दोन्ही तळवे उताणे ठेवा. पुढची काही मिनिटं त्या तळव्यांवर मूठभर माती आहे असं धरून चालायचं आहे. जवळ खरी माती असेल, कुंडीतली का होईना, तर फारच छान.

पण मातीच्या आधी एक थेंब आठवू या.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती. लिंबू पिळताना एखादा थेंब खाली पडला आणि लगेच पुसला नाही, की तिथे फिकट, खरबरीत ठिपका उठायचा. नारळाच्या शेंडीने कितीही घासला तरी जायचा नाही. "फरशीला लिंबू चावलं," असं आजी म्हणायची. आजीचं बरोबर होतं. वरून काही लागलेलंच नव्हतं, मग घासून जाणार काय? तेवढी फरशी विरघळून गेली होती. शहाबादी म्हणजे चुनखडक, आणि आंबटापुढे चुनखडक टिकत नाही.

तो थेंब डोळ्यांसमोर ठेवा. आता त्याचा आंबटपणा कमी करत न्या, जिभेला कळणार नाही इतका कमी. पाऊस एवढाच आंबट असतो. खाली येताना तो हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. जमिनीत शिरल्यावर मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला वायू त्याला मिळतो. तो आणखी थोडा आंबट होतो आणि खालच्या खडकापाशी पोचतो.

एक श्वास घ्या. हळू सोडा. जो वायू पाण्यात मिसळून खडक विरघळवतो, तोच आत्ता तुमच्या नाकातून बाहेर गेला.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर काउंटी आहे. तिथून कोनेस्टोगा नदी वाहते, सस्क्वेहाना नदीला मिळते, आणि ते पाणी पुढे चेसापीक उपसागरात जातं. एवढ्या लांब जायचं कारण असं, की आपल्या दख्खनच्या बहुतेक नद्या काळ्या बेसॉल्टवरून येतात. कोनेस्टोगाच्या खोऱ्याचा मोठा भाग चुनखडकाचा आहे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी साठत गेलेला हा खडक. आज त्यावर मका आणि लसूणघास उभा असतो, आणि आमिश पंथाचे शेतकरी अजून खेचरं जुंपून नांगरतात.

तिथल्या एका उतारावर उभे आहात असं समजा. पायाखाली माती, मातीखाली खडक. पाऊस झिरपतो आहे. खडकातला चुना पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. झऱ्यात, विहिरीत, नदीत. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो ना, तोच हा चुना, पाणी उकळल्यावर पुन्हा दिसू लागलेला.

मग मागे काय राहतं? समुद्रतळाशी चुन्याच्या चिखलात अडकलेलं इतर सगळं: चिकणमातीचे कण, बारीक गारगोटी, लोहाचा अंश. खडकाच्या दृष्टीने ही भेसळच. समजा १०० भाग खडकात ही भेसळ ५ भाग आहे. मग एक फूट माती मागे राहायला ढोबळ हिशेबाने २० फूट खडक विरघळून जायला हवा. (वाऱ्याने आणलेली धूळही तिच्यात मिसळलेली असते, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण अंदाज यावा म्हणून पुरे.) लोहामुळे ही माती खाली तांबूस दिसते.

इथे थोडं थांबा. या मातीला आपण चुनखडकाची माती म्हणतो, आणि ती बनली आहे चुनखडकात जे चुना नव्हतं त्याची. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ हातातल्या ढेकळाकडे बघत बसलो होतो.

पटत नसेल तर लिंबाचा तोच थेंब या मातीवर टाकून पाहा. शहाबादीवर तो लगेच काम सुरू करतो. इथे बहुधा काहीच होत नाही. फेस नाही, बुडबुडा नाही. चुना केव्हाच धुऊन गेलेला असतो. म्हणूनच पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या शेतकऱ्यांनी शेताच्या कडेला दगडी भट्ट्या बांधल्या. खालचाच चुनखडक फोडायचा, भाजायचा, आणि चुना करून वरच्या मातीवर पसरायचा. चुनखडकावर उभं राहून शेताला चुना द्यावा लागत होता, आणि आजही द्यावा लागतो.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट आहे. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात खाली चुनखडक नाही, बेसॉल्ट आहे. तरी कित्येक रानांत नांगराला पांढरे खडे लागतात, शेतकरी म्हणतो, रान चुनखडीचं आहे. बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असतं. पाऊस कमी असला की ते वाहून जात नाही, मातीतच चुना होऊन साठतं. असल्या रानात उसाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी-पांढरी पडतात. ऊस केवडा पडला, असं आपण म्हणतो. चुनखडकाच्या देशात चुना विकत घ्यायचा, आणि ज्या खडकाचं नाव घेताना चुना कुणाला आठवत नाही त्याच्या रानात तो नको इतका. हा फरक पावसाने केला.

आता नदीकडे उतरा. सावकाश.

उतारावरची माती पावसाने ओढ्यात येते, ओढ्यातून नदीत. नदी फुगते, काठ ओलांडते, शेतात पसरते. पसरली की तिचा वेग मरतो आणि हातातलं ओझं ती खाली ठेवू लागते. जड वाळू आधी, काठालगत. मग पोयटा. चिकणमाती सगळ्यात शेवटी, पाणी अगदी निवांत होईल तिथे. पूर्व अमेरिकेतल्या मातीच्या नकाशांत चुनखडकाकडून आलेल्या अशा गाळाला नावं आहेत. उंच, निचऱ्याच्या भागात हंटिंग्टन, वरून गडद तपकिरी. थोड्या खोलगट भागात लिंडसाइड. पाणी साचतं तिथे मेल्विन, करडी, गंजाचे ठिपके असलेली. गाळ बहुतेक एकाच प्रकारचा, पण पाणी किती दिवस थांबतं यावर रंग बदलतो, नाव बदलतं, आणि काय पेरायचं तेही बदलतं.

तळव्यावरची माती आता ओली करा. थोडंच पाणी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन हळू चोळा, आणि डोळे मिटा, कारण हे बोटांचं काम आहे.

कचकच जाणवते ती वाळू. बोटांना चिकटते ती चिकणमाती. आणि या दोन्हींच्या मध्ये मैद्यासारखं काहीतरी गुळगुळीत सरकतं, तो पोयटा. त्याचा कण जास्तीत जास्त मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, कमीत कमी त्याच्याही पंचविसाव्या भागाएवढा. नदीकाठच्या या मातीत तोच जास्त असतो. गोळा वळतो. गोळ्याची पट्टी दाबत गेलात तर थोडी लांब होते आणि मोडते. पाणी धरून ठेवण्याइतकी बारीक, मुळांना वाट देण्याइतकी मोकळी. कॅल्शियम पुरेसं असलं की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून कणीदार होतात, म्हणून चांगल्या पोयट्याचं ढेकूळ मुठीत दाबलं की रव्यासारखं सुटतं.

त्या रव्यात गांडूळ असेल. गांडुळाच्या शरीरात चुना तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. डार्विनने १८८१ च्या आपल्या गांडुळांवरच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. खाल्लेल्या मातीतलं कॅल्शियम घेऊन गांडूळ चुन्याचे बारीक खडे बनवतं आणि मातीत सोडतं. पावसाने जो दगड नेला, त्याचा एक कण तरी एक बिनडोळ्यांचा जीव अंधारात पुन्हा घडवतो. मला याहून मोठं काही सांगता येत नाही.

शेवटी नदीच्या काठासमोर उभे राहा. उभा, तपकिरी, एकसारख्या पोयट्याचा काठ. बघणाऱ्याला वाटतं, पूर येत गेले, हजारो वर्षं थर चढत गेले. लँकेस्टरमधल्याच फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजच्या रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की असे कितीतरी काठ हजारो वर्षांचे नाहीत. पाणचक्क्यांसाठी ओढ्या-नद्यांवर बांध घातले गेले. १८४० पर्यंत पूर्व अमेरिकेत ६५,००० हून जास्त पाणचक्क्या होत्या. जंगल तोडून नांगरलेल्या उतारांची माती त्या बांधांमागे साचली. पुढे बांध फुटले, नदीने त्या गाळातून खोल वाट कापली, आणि दोन्ही बाजूंना हे काठ उरले.

काठाच्या तळाशी नीट बघा. तिथे एक काळी रेघ आहे. ती जुनी माती, त्या गाळाखाली गाडली गेलेल्या पाणथळ कुरणाची. तिच्यात लव्हाळ्यांसारख्या पाणवनस्पतींच्या बिया सापडल्या. लँकेस्टरजवळच्या बिग स्प्रिंग रन या ओढ्यावर २०११ मध्ये वरचा गाळ यंत्रांनी काढून नेला आणि ती काळी माती पुन्हा उजेडात आणली. तिथे आज पाणथळ कुरण आहे, आणि ओढा एका चरात न अडकता त्यातून पसरून वाहतो.

आता मूठ उघडा. माती जिथून घेतली तिथेच परत टाका. हात लगेच धुऊ नका. पोयटा वाळला की बोटांवरून पिठासारखा आपोआप झडतो.